पँथिऑन : देवालयाचे चर्च झाले तेव्हा

रोम शहराच्या जुन्या भागात पिआत्सा देल्ला रोतोंदा नावाचा एक छोटा चौक आहे. या चौकाच्या दक्षिण बाजूस पँथिऑन ही वास्तू उभी आहे. प्राचीन रोमच्या बहुतेक इमारतींचे आज केवळ अवशेष पाहावयास मिळतात : कोठे तीन स्तंभ, कोठे अर्धी भिंत, कोठे नुसता चौथरा. पँथिऑन मात्र मूळच्या भिंतींसह आणि मूळच्या घुमटासह जवळजवळ एकोणीसशे वर्षे वापरात आहे. या दीर्घ कालखंडात तिचा वापर दोन वेगवेगळ्या धर्मांनी केला. आरंभी ते रोमन देवांचे स्थान होते; इ. स. ६०९ पासून ते ख्रिस्ती चर्च आहे.

ही वास्तू टिकली कशी, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः एका वाक्यात दिले जाते : तिचे चर्च झाले म्हणून ती वाचली. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. चर्च झाल्याने काय वाचले, काय नाहीसे झाले, आणि हे परिवर्तन कोणाच्या अधिकाराने घडले, हे पाहिल्यावाचून त्या उत्तराचा अर्थ पूर्णपणे कळत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. लेख एकाचा, विटा दुसऱ्याच्या

चौकातून पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम मुखमंडपावरील मोठ्या अक्षरांतील लॅटिन लेखाकडे जाते. लुसिअसचा पुत्र मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधले, असा त्याचा आशय आहे. अग्रिप्पा हा सम्राट ऑगस्टसचा मित्र, सेनापती आणि पुढे जावई. त्याचे तिसरे कॉन्सलपद इ. स. पू. २७ मधील. त्यामुळे ही इमारत ऑगस्टसच्या काळातील आहे, असे शतकानुशतके मानले गेले.

परंतु शिलालेख खरा असला तरी त्याचा अर्थ वरवर घेणे धोक्याचे असते. अग्रिप्पाने इ. स. पू. २७ ते २५ च्या सुमारास येथे पँथिऑन बांधले, हे निश्चित. ते इ. स. ८० च्या मोठ्या आगीत सापडले. सम्राट डोमिशियनने ते दुरुस्त केले. इ. स. ११० मध्ये, ट्रेजनच्या कारकिर्दीत, वीज पडून ते पुन्हा जळाले. आज उभी असलेली इमारत त्यानंतरची आहे. ही गोष्ट सिद्ध झाली ती विटांवरून. रोमन भट्ट्यांतून निघणाऱ्या विटांवर शिक्के मारण्याची पद्धत होती. त्यांत भट्टीच्या मालकाचे नाव असे, आणि काहींत त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावेही असत. फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ जॉर्ज शेदान याने १८९२ मध्ये या इमारतीतील विटा तपासल्या, तेव्हा त्या इ. स. दुसऱ्या शतकातील असल्याचे आढळले. इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२५ च्या सुमारास, पूर्ण झाली, असे आता मानले जाते. बांधकामास ट्रेजनच्या अखेरच्या वर्षांतच आरंभ झाला होता, असे प्रतिपादन काही अभ्यासकांनी अलीकडे याच शिक्क्यांच्या फेरतपासणीवरून केले आहे.

मग लेखात अग्रिप्पाचे नाव का? हेड्रियनने अनेक जुन्या इमारती नव्याने बांधल्या, पण त्यांवर मूळ संस्थापकांचीच नावे ठेवली, असे त्याचे प्राचीन चरित्र सांगते. नव्या वास्तूला जुन्या नावाची प्रतिष्ठा मिळावी, हा त्यामागील हेतू असावा. मोठ्या लेखाखाली लहान अक्षरांत आणखी एक लेख आहे. तो इ. स. २०२ मधील असून सेप्टिमिअस सेव्हेरस व कॅराकला या सम्राटांनी जीर्ण झालेले पँथिऑन दुरुस्त केल्याचे सांगतो. ज्याने आजची इमारत उभी केली त्याचे नाव मात्र दोहोंपैकी एकाही लेखात नाही. दगडावरील लेख हा कोणाच्या तरी इच्छेने लिहिलेला असतो. विटेवरचा शिक्का व्यवहारासाठी मारलेला असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाचले पाहिजेत.

२. रचना आणि बांधणी

मुखमंडपात एकूण सोळा स्तंभ आहेत. प्रत्येक स्तंभाचा दांडा ग्रॅनाइटच्या एकाच अखंड शिळेचा असून तो सुमारे १२ मीटर उंच आणि सुमारे ६० टन वजनाचा आहे. हे ग्रॅनाइट इजिप्तमधील खाणींतून आले : करडे मॉन्स क्लाउडिआनस येथून, तर गुलाबी आस्वान येथून. वाळवंटातून नाईल नदीपर्यंत, नदीतून समुद्रापर्यंत आणि तेथून टायबर नदीच्या मुखापर्यंत हे स्तंभ वाहून आणले गेले. रोमन साम्राज्याची सत्ता आणि संपत्ती किती होती, हे सांगावयास या सोळा शिळा पुरेशा आहेत.

मंडपातून आत गेले की वर्तुळाकार दालन लागते. त्याचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून घुमटाच्या शिखरापर्यंतची उंचीही तेवढीच आहे. म्हणजे या दालनात त्याच व्यासाचा एक पूर्ण गोल कल्पनेने बसविता येतो. घुमटाच्या आतील अंगास चौकोनी खोलगट खणांच्या पाच रांगा असून प्रत्येक रांगेत २८, असे एकूण १४० खण आहेत. मधोमध आठ-नऊ मीटर व्यासाचे गोल मोकळे छिद्र आहे. त्याला ऑक्युलस, म्हणजे डोळा, असे म्हणतात. त्यावर काच नाही. दरवाजा सोडला तर दालनात प्रकाश येण्याचा हा एकमेव मार्ग. सूर्य सरकेल तसे प्रकाशाचे वर्तुळ भिंतीवरून आणि फरशीवरून सरकत जाते. पाऊस पडला तर तोही सरळ आत येतो. फरशीला मध्यभागी किंचित फुगवटा दिलेला आहे आणि तीत पाणी जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली आहेत.

हा घुमट पोलादी सळया न घालता बांधलेल्या काँक्रीटचा आहे, आणि त्या प्रकारचा तो आजही जगातील सर्वांत मोठा घुमट आहे. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळून अत्यंत टिकाऊ मिश्रण करीत. खरे कौशल्य मात्र त्यात घातलेल्या दगडांच्या निवडीत आहे. पायात जड ट्रॅव्हर्टाइन दगड, भिंतींत टुफा व विटांचे तुकडे, आणि घुमटाच्या वरच्या भागात प्युमिससारखा सच्छिद्र, हलका दगड, असा क्रम लावला आहे. घुमटाची जाडीही तळाशी सुमारे ६ मीटर असून छिद्रापाशी ती १.२ मीटरपर्यंत कमी होते. जितके उंच तितके हलके, या साध्या तत्त्वावर हे सारे तोललेले आहे. छिद्रामुळे शिखरावरील भारही तेवढा कमी झाला आहे.

ज्या काळात हे काम चालू होते त्याच सुमाराच्या शतकांत सह्याद्रीत कार्ले येथील चैत्यगृह कोरले जात होते. या दोन स्थळांचा संबंध केवळ काळाचा नाही. रोमन साम्राज्याचा पश्चिम भारताच्या बंदरांशी मोठा व्यापार होता. भारताकडे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात केली आहे. अग्रिप्पाच्या पँथिऑनमधील व्हीनसच्या मूर्तीच्या कानांत क्लिओपात्राचे एक प्रचंड मोती दुभागून घातले होते आणि ते पूर्वेकडील राजांच्या हातून तिच्याकडे आले होते, हेही प्लिनीच सांगतो. दुसऱ्या बाजूस, कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेल्या दानांची नोंद प्राकृत भाषेत आहे. हे यवन मूळचे कोठले, याविषयी मतभेद आहेत. पण हा शब्द पश्चिमेच्या संपर्काची खूण आहे, यात शंका नाही. एक भेद मात्र लक्षणीय आहे. कार्ल्यास स्तंभागणिक दात्याचे नाव सापडते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच गंधिक सिंहदत्त आहे आणि सुतार सामीही आहे. पँथिऑनच्या दर्शनी भागावर फक्त सत्ताधाऱ्यांची नावे आहेत.

३. तेथे कोणते देव होते

पँथिऑन हा शब्द ग्रीक आहे. पान म्हणजे सर्व आणि थेऑस म्हणजे देव. त्यावरून हे सर्व देवांचे मंदिर, असा अर्थ केला जातो. परंतु तिसऱ्या शतकातील इतिहासकार डिओ कॅसिअस यालाही या नावाविषयी खात्री नव्हती. तेथे मार्स, व्हीनस इत्यादी अनेक देवांच्या मूर्ती होत्या म्हणून हे नाव पडले असावे, असे तो सांगतो. आणि पुढे आपले स्वतःचे मत देतो की, घुमटाची छत आकाशासारखी असल्याने हे नाव मिळाले असावे.

डिओने नोंदविलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अग्रिप्पाला येथे ऑगस्टसचा पुतळा बसवून वास्तूला त्याचेच नाव द्यावयाचे होते. ऑगस्टसने ते नाकारले. तेव्हा आत देवत्व दिलेल्या जूलिअस सीझरचा पुतळा बसविला गेला, आणि ऑगस्टस व अग्रिप्पा यांचे पुतळे बाहेर मंडपात ठेवले गेले. पुढे हेड्रियन येथे बसून न्यायदान करीत असे, असेही तो लिहितो. तात्पर्य, येथे देवांची पूजा आणि राजसत्तेचा गौरव या दोन गोष्टी मुळापासूनच एकत्र होत्या.

४. इ. स. ६०९ मध्ये काय घडले

चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या शतकाच्या अखेरीस, ३९१-३९२ मध्ये, सम्राट थिओडोसिअसच्या कायद्यांनी बळी देण्यास आणि पूजेसाठी मंदिरात जाण्यास बंदी केली. मंदिरांच्या इमारती मात्र राज्याची मालमत्ता होत्या. इ. स. ३९९ च्या एका आज्ञेत तर निषिद्ध वस्तूंपासून रिकाम्या असलेल्या मंदिरांच्या इमारती पाडू नयेत, असेच सांगितले होते. म्हणजे पूजा बंद, मूर्ती हटवावयाच्या, इमारत मात्र राज्याची, असे धोरण होते.

या पार्श्वभूमीवर इ. स. ६०९ ची घटना पाहावी. पोप चौथा बोनिफेस याने कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट फोकास याच्याकडे पँथिऑनची मागणी केली आणि सम्राटाने ते दिले. १३ मे रोजी त्याचे समर्पण कुमारी मेरी आणि सर्व हुतात्मे यांच्या नावे झाले. वर्ष ६०९ की ६१०, याविषयी किंचित मतभेद आहे. रोममधील पँथिऑनसारखे मोठे देवालय चर्चमध्ये रूपांतरित होण्याचा हा पहिला प्रसंग होता. मूळ मंदिर सर्व देवांचे समजले जाई. नवे चर्च सर्व हुतात्म्यांचे झाले. ही समांतर योजना सहेतुक दिसते. कॅटकोममधून, म्हणजे भूमिगत दफनस्थानांतून, हुतात्म्यांच्या अस्थी २८ गाड्या भरून येथे आणल्या, ही कथा प्रसिद्ध आहे. पण ती उत्तरकालीन परंपरा आहे. समर्पणाच्या वेळी देवालयातील दैत्य घुमटाच्या छिद्रातून पळून गेले, अशीही आख्यायिका आहे. तिच्यात ऐतिहासिक सत्य नसले तरी एक वृत्ती स्पष्ट दिसते : काल ज्यांना लोक देव म्हणत, ते आज दैत्य ठरले होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, देणाऱ्याविषयी. फोकास हा पूर्वीचा सम्राट मॉरिस याची हत्या करवून ६०२ मध्ये गादीवर आला होता. त्याला रोमच्या पाठिंब्याची गरज होती आणि रोमच्या धर्मपीठाशी त्याचे संबंध चांगले होते. रोमन फोरममध्ये ६०८ साली त्याच्या सन्मानार्थ उभारलेला स्तंभ अद्याप उभा आहे. ६१० मध्ये फोकासही मारला गेला. दुसरी गोष्ट, काळाविषयी. ६०९ मध्ये पँथिऑन एखाद्या उपासक समूहाकडून हिसकावले गेले नाही. कारण तेथील पूजा कायद्याने बंद होऊन दोन शतके लोटली होती. खरा आघात ६०९ चा नव्हे, ३९१ चा. इमारतीचे रूपांतर हा त्याचा उशिरा दिसलेला परिणाम होय.

या काळातील चर्चचे धोरण एका पत्रावरून चांगले समजते. पोप पहिला ग्रेगरी याने ६०१ मध्ये इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकास कळविले की, तेथील मंदिरे पाडू नयेत. फक्त मूर्ती नष्ट कराव्यात, पवित्र जल शिंपडावे आणि तेथे वेदी स्थापावी. लोक परिचित स्थळी येतच राहतील आणि नव्या उपासनेला सरावतील, असा त्यामागील विचार होता. लोकांची पावले ज्या वाटेने पडतात ती वाट तशीच ठेवून तिच्या टोकाचे दैवत बदलणे, ही रीत फार परिणामकारक असते.

५. चर्च झाल्यावरही झालेली लूट

चर्च झाल्याने पँथिऑनला नियमित वापर, देखरेख आणि मालक मिळाला. ज्या इमारतींना हे मिळाले नाही, त्यांचे संगमरवर काढून भट्टीत जाळले गेले आणि त्याचा चुना झाला. या दृष्टीने रूपांतराने वास्तू वाचविली, हे खरे.

तथापि पवित्र स्थान म्हणून तिला पूर्ण संरक्षण मिळाले, असे मात्र नाही. आणि लुटणारे परधर्मीय नव्हते. इ. स. ६६३ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स, जो स्वतः ख्रिस्ती होता, बारा दिवसांसाठी रोमला आला. त्याने घुमटावरील सोन्याचा मुलामा दिलेली कांस्य कौले उतरवून नेली. त्या वेळी पँथिऑनचे चर्च होऊन ५४ वर्षे झाली होती. पुढे आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने छतावर शिशाचे पत्रे बसविले.

सन १६२५ मध्ये बार्बेरीनी घराण्यातील पोप आठवा अर्बन याने मुखमंडपाच्या छतातील प्राचीन कांस्य तुळया काढून घेतल्या. सेंट पीटर्समधील बर्निनीच्या प्रसिद्ध छत्रीसाठी हा धातू वापरला, असा समज आहे. परंतु त्यातील बहुतांश भाग सांत आंजेलो किल्ल्यावरील तोफा ओतण्याकडे गेला. जे रानटी टोळ्यांनी केले नाही ते बार्बेरीनींनी केले, अशा अर्थाचे उपहासवचन रोममध्ये तेव्हा पसरले आणि ते आजही सांगितले जाते. याच पोपने मंडपावर दोन घंटामनोरे बांधविले. लोक त्यांना गाढवाचे कान म्हणत. १८८३ मध्ये ते पाडण्यात आले. मंडपाच्या पूर्वेकडील तीन स्तंभ सतराव्या शतकात नव्याने बसविलेले आहेत. त्यांच्या शिरोभागी बार्बेरीनी घराण्याची मधमाशी आणि पोप सातवा अलेक्झांडर याच्या किजी घराण्याचे चिन्ह कोरलेले आहे. काळजीपूर्वक पाहणाऱ्यास ती दिसतात.

६. आज काय पाहावयास मिळते

आत दरवाजासमोर मुख्य वेदी आहे. तिच्यावरील मेरी व बाल येशू यांची चित्रप्रतिमा सातव्या शतकातील असून ती समर्पणाच्या काळची मानली जाते. भिंतींत सात मोठे कोनाडे आहेत. पूर्वी जेथे मूर्ती होत्या तेथे आता वेद्या व समाध्या आहेत. १५२० मध्ये मरण पावलेला चित्रकार राफाएल येथेच चिरविश्रांती घेत आहे. १८७० मध्ये इटलीच्या राज्याने पोपच्या सत्तेतून रोम जिंकून घेतले. त्यानंतर १८७८ मध्ये पहिला राजा दुसरा व्हित्तोरिओ एमान्युएले याला येथे पुरले गेले आणि १९०० मध्ये हत्या झालेल्या पहिल्या उंबेर्तोलाही. नव्या राष्ट्रालाही आपले राजे ठेवण्यासाठी हीच जागा योग्य वाटली.

येथे आजही उपासना होते. पेन्टेकॉस्टच्या सणाला घुमटाच्या छिद्रातून गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडल्या जातात. जुलै २०२३ पासून पर्यटकांना पाच युरो प्रवेशशुल्क लागू झाले. त्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयाला आणि ३० टक्के वाटा रोमच्या धर्मप्रांताला, अशी विभागणी ठरली. मालकी व वापर यांचा प्रश्न फोकासच्या काळात होता तसा आजही आहे. फक्त तो आता करारपत्राने सोडविला जातो.

पाहण्यास जाणाऱ्याने घाई करू नये. प्रथम बाहेर उभे राहून दोन्ही लेख पाहावेत. नंतर इमारतीच्या बाजूने फिरून उघड्या विटांच्या भिंती आणि त्यांतील कमानी पाहाव्यात. भार कसा पेलला आहे ते तेथे कळते. शेवटी आत जाऊन प्रकाशाचे वर्तुळ थोडे सरकेपर्यंत थांबावे. प्रस्तुत लेखक तेथे असताना एक गोष्ट जाणवली. बहुतेक पाहुणे मान वर करून घुमट पाहतात, छायाचित्र घेतात आणि निघून जातात. भिंतींतील कोनाड्यांकडे, जेथे एका धर्माची जागा दुसऱ्याने घेतली, फारच थोड्यांचे लक्ष जाते.

७. उपसंहार

मनुष्य धर्मांतर करतो तेव्हा ते त्याच्या विचाराचे फळ असू शकते. वास्तूला विचार नसतो. तिचे रूपांतर ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्या शब्दाने होते. म्हणून रूपांतरित वास्तूपुढे उभे राहताना अभ्यासकाने काही प्रश्न विचारले पाहिजेत. पूर्वीची उपासना केव्हा थांबली आणि ती आपोआप थांबली की थांबविली गेली? जागा कोणी दिली आणि देण्याचा अधिकार त्याच्याकडे कोठून आला? आधीच्या वापराची नोंद ठेवली की पुसली? आणि त्या जागेच्या रक्षणाचे श्रेय जे घेतात त्यांनी तिचे किती रक्षण केले?

पँथिऑनच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे देता येतात, हे त्या वास्तूचे भाग्य म्हटले पाहिजे. कायदे उपलब्ध आहेत, इतिवृत्ते उपलब्ध आहेत, विटांवर शिक्के आहेत, आणि जुने नावही लोकांच्या तोंडी राहिले आहे. चर्चचे अधिकृत नाव वेगळे असूनही चौदाशेहून अधिक वर्षांनंतर जग त्याला पँथिऑनच म्हणते. तेथील देव गेले, मूर्ती गेल्या, कांस्य गेले. पण आधी येथे काय होते हे कोणी लपविले नाही आणि लपविण्याची गरजही कोणास वाटली नाही. नव्या उपासकांची श्रद्धा त्यामुळे उणी झालेली नाही. जुन्या वास्तूचा खरा इतिहास सांगितल्याने कोणत्याही धर्माची हानी होत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.